एएमडी इतकी वर्षं इंटेलपुढे टिकली कशी? (आणि आता एन्व्हिडियापुढे?)

सिलिकॉनभाऊ

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. भाच्यासाठी पीसी जोडायचा म्हणून किमती बघायला बसलो आणि बघता बघता एएमडी आणि इंटेल या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या २०१५ च्या ताळेबंदात जाऊन पोचलो. त्या वर्षी इंटेलची विक्री ५५ अब्ज डॉलर, एएमडीची ४ अब्जाच्या आत. इंटेलने त्या एका वर्षात नुसत्या संशोधनावर १२ अब्ज घातले, म्हणजे एएमडीच्या अख्ख्या विक्रीच्या तिप्पट. एएमडीचा संशोधनावरचा खर्च १ अब्जसुद्धा नव्हता. शेअर २ डॉलरच्या खाली. आणि २०२२ मध्ये हीच कंपनी बाजारमूल्यात इंटेलच्या पुढे गेली!

सगळीकडे वाचायला मिळतं की त्यांनी रायझन प्रोसेसर चांगला बनवला म्हणून जिंकले. मला हे पुरतं पटत नाही, कारण चांगला माल त्यांनी आधीही बनवला होता, १९९९ ला अॅथलॉन, २००३ ला ऑप्टेरॉन, तरी काही वर्षांत पुन्हा खड्ड्यात. मग या वेळी वेगळं काय झालं? छोटी कंपनी नेमकी कशावर जगते? ज्यांनी या धंद्यात काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सविस्तर लिहा.

वाचकमात्र

मस्त विषय. पहिल्या बाकावर जागा धरून बसलोय.

लॅमिंग्टनवाला

२०००-०१ च्या सुमारास मी लॅमिंग्टन रोडला एका दुकानात असेंबलिंग करायचो, त्यामुळे अॅथलॉनचा काळ हाताखालून गेलाय. त्याचा स्वस्तातला भाऊ म्हणजे ड्युरॉन. त्याच्या सिरॅमिकवर बारीक ठिपक्यांच्या जोड्या असायच्या, एल१ ब्रिज म्हणायचे त्यांना. कंपनी ते लेसरने तोडून पाठवायची म्हणजे मल्टिप्लायर (चिपचा वेग ठरवणारा गुणक) लॉक. आम्ही भिंग डोळ्याला लावून मऊ शिशाच्या पेन्सिलीने एकेक जोडी घासून जोडायचो, ग्राफाइटमधून करंट जातो की, झालं, लॉक गेलं! ६०० मेगाहर्ट्झचा ड्युरॉन ८०० च्या वर आरामात पळायचा. कॉलेजची पोरं खास त्यासाठी यायची. वर झाकण वगैरे नव्हतं, उघडी चिप, कूलरची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बसवायची आणि हात जरा सुटला की चिपच्या कोपऱ्याचा टवका. नवीन पोराच्या हातात तो स्क्रू-ड्रायव्हर शेठ कधीच द्यायचे नाहीत.

१ गिगाहर्ट्झला पहिली एएमडी पोचली, ६ मार्च २००० ला, इंटेल दोन दिवसांनी. पण गिऱ्हाईक? घरातले वडीलधारे सोबत आलेले असायचे आणि त्यांचा एकच प्रश्न, "इंटेलच आहे ना?" टीव्हीवरची ती जाहिरातीची धून सगळ्यांना पाठ होती. मी बेंचमार्क दाखवायचो, किमतीतला फरक कागदावर मांडून द्यायचो, दहातले दोन ऐकायचे. चांगला माल आणि खपणारा माल यातलं अंतर मी तिथे रोज बघितलंय.

अठरापगड

@लॅमिंग्टनवाला, पेन्सिल!!! आम्ही नटराज वापरायचो. हॉस्टेलमध्ये एका मित्राने तर ड्रॉइंगची ६बी आणली होती, म्हणे जास्त काळी म्हणजे जास्त स्पीड.

भोसरीकर

माझा चिपशी संबंध नाही, भोसरीला प्रेस पार्टचं वर्कशॉप आहे. पण सिलिकॉनभाऊंचा प्रश्न वाचून वाटलं की हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. चाकणकडच्या मोठ्या कंपन्या महत्त्वाच्या पार्टला शक्यतो एकच व्हेंडर ठेवत नाहीत. पहिल्याची डाय तुटली, कामगारांचा संप झाला तर लाईन थांबू नये म्हणून दुसरा असतो. दुसऱ्याला शेड्यूलमधले वीस टक्के मिळाले तरी खूप. आणि खरं सांगू का, पर्चेसवाल्यांच्या लेखी दुसऱ्याचं मुख्य काम पार्ट पुरवणं नसतंच, पहिल्याला भाव वाढवू न देणं हे असतं. आम्ही वर्षानुवर्षं दुसरे व्हेंडर आहोत.

एएमडी जन्मापासून दुसरी व्हेंडर आहे. १९८१ ला आयबीएमने पीसी काढला, आत इंटेलचा ८०८८. आयबीएमची अट होती की इतकी महत्त्वाची चिप एकाच कंपनीकडून घेणार नाही. त्यातून १९८२ ला इंटेल आणि एएमडीचा करार झाला, इंटेलचं डिझाइन एएमडीनेही बनवायचं. पुढे ३८६ या नव्या चिपच्या वेळी इंटेलने डिझाइन द्यायला नकार दिला, लवाद झाला, कोर्टबाजी झाली. एएमडीने वाट बघत न बसता स्वतः उलगडून बनवला आणि मार्च १९९१ मध्ये बाजारात आणला, तोही ४० मेगाहर्ट्झचा, इंटेलचा तेव्हा ३३ वर होता. भांडण मिटलं १९९५ ला. त्या सगळ्यात एएमडीकडे एक्स८६, म्हणजे पीसीचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं त्या प्रकारच्या चिप, बनवायचा हक्क शाबूत राहिला आणि माझ्या मते अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात मोलाची चीज तीच. पैसा कुणीही उभा करेल, तो परवाना कुठून आणणार?

सिलिकॉनभाऊ

@भोसरीकर काका, काय सुंदर लिहिलंत. दुसऱ्याचं काम पहिल्याला भाव वाढवू न देणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मग दुसरा व्हेंडर पहिला कधी होतो?

भोसरीकर

पहिला झोपला तर. आणि त्या दिवशी दुसऱ्याचं शेड्यूल तयार असेल तर. दोन्ही एकाच वेळी लागतं.

कायद्याचंबोला

वर "खपत नव्हता" असं आलंय त्यात दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीपलीकडची बाजू आहे. युरोपियन कमिशनने मे २००९ मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरो दंड केला. आक्षेप असा की मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांना सवलत देताना अट, जवळजवळ सगळा माल आमच्याकडूनच घ्या. शिवाय एएमडीवाली मॉडेल्स उशिरा काढायला किंवा ठरावीक ठिकाणीच विकायला पैसे दिले गेले असाही निष्कर्ष होता. त्यातलं एक उदाहरण मी कधीच विसरणार नाही: एएमडीने एका कॉम्प्युटर कंपनीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. फुकट! त्या कंपनीने घेतले फक्त १ लाख ६० हजार, कारण सगळे घेतले असते तर बाकीच्या लाखो प्रोसेसरवरची इंटेलची सवलत गेली असती.

सवलतींबद्दलचा भाग पुढे कोर्टात टिकला नाही. २०२२ ला खालच्या युरोपीय न्यायालयाने दंड रद्द केला आणि २०२४ ला वरच्या न्यायालयाने ते कायम केलं. मॉडेल्स अडवण्यासाठी दिलेल्या पैशांबद्दल मात्र कमिशनने २०२३ मध्ये नव्याने सुमारे ३७.६ कोटी युरो दंड लावला. आणि एएमडीने स्वतः अमेरिकेत २००५ ला केलेला खटला नोव्हेंबर २००९ मध्ये मिटला, इंटेलने १.२५ अब्ज डॉलर दिले. तेव्हा छोटी कंपनी कशावर जगते या प्रश्नाचं एक उत्तर कोर्टातही आहे, फक्त तिथे न्याय मिळेपर्यंत उत्पादनाच्या दोन-तीन पिढ्या निघून जातात.

स्पष्टवक्ता

एएमडी बिचारी, इंटेल दुष्ट हे सारखं वाचून कंटाळा आलाय. २००६ नंतरची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने लावली. इंटेलचा कोअर २ ड्युओ आला त्याच वर्षी यांनी एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी ५.४ अब्ज डॉलरला घेतली, अंगावर कर्ज. फेनॉम प्रोसेसरच्या सुरुवातीच्या बॅचमध्ये टीएलबीचा (मेमरीचे पत्ते शोधणाऱ्या भागाचा) बग. मग २०११ ला बुलडोझर, दोन कोअरमध्ये (कोअर म्हणजे चिपमधलं एकेक गणनायंत्र) एक फ्लोटिंग पॉइंट युनिट (अपूर्णांकांची गणितं करणारा भाग) वाटून घ्यायचं आणि बॉक्सवर आठ कोअर छापायचे. विजेचं बिल जास्त, स्पीड कमी, कोअर मोजण्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी दावा केला तो १.२१ कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. यात इंटेलच्या सवलतींचा काय संबंध?

कन्सोलकुमार

@स्पष्टवक्ता एटीआयबद्दल अजिबात सहमत नाही. किंमत जास्त दिली हे खरं, पण त्या खरेदीशिवाय एएमडी आज नसती. २०१३ ला प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, एकमेकांचे कट्टर स्पर्धक, दोघांच्याही आत एएमडीची चिप. का? कारण एक्स८६ सीपीयू आणि दमदार ग्राफिक्स हे दोन्ही एकाच तुकड्यावर देणारं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. इंटेलकडे तसं ग्राफिक्स नव्हतं, एन्व्हिडियाकडे एक्स८६ चा परवाना नव्हता (भोसरीकर काकांचा मुद्दा). मार्जिन कमी पण दर वर्षी ठरलेला पैसा. बुलडोझरच्या दुष्काळात झेनच्या (रायझनच्या आतलं डिझाइन) इंजिनियरांचे पगार त्यातून निघाले.

स्पष्टवक्ता

कन्सोलचा मुद्दा मान्य. बुलडोझरचा मात्र सोडणार नाही.

वेफरवाली

मी बंगळुरूत चिप व्हेरिफिकेशनमध्ये आहे, एएमडीतही नाही आणि इंटेलमध्येही नाही. झेनमध्ये काय वेगळं होतं ते लिहिते, जरा लांबेल.

२०१२ ला जिम केलर परत आले, माइक क्लार्क आर्किटेक्ट, २०१४ पासून लिसा सू सीईओ. नवीन कोअर कोऱ्या पाटीवरून काढला आणि एका क्लॉकमधलं (चिपच्या एका ठोक्यातलं) काम आधीपेक्षा ५२ टक्के वाढलं. हे कौतुकाचं आहेच, पण माझ्या मते खरी हुशारी एका साध्या हिशोबात आहे.

मोठी चिप बनवायची म्हणजे वेफरवर (सिलिकॉनची चकती, तिच्यावर अनेक चिप एकदम बनतात) मोठा चौकोन. वेफरवर दोष कुठेही पडतात. चौकोन जितका मोठा तितकी त्यात एखादा दोष सापडण्याची शक्यता जास्त आणि मग तो अख्खा चौकोन फेकायचा किंवा अर्धा बंद करून विकायचा. शिवाय प्रत्येक वेगळ्या डिझाइनला वेगळा मास्क सेट (छपाईचे साचे), वेगळं व्हेरिफिकेशन, वेगळी टीम. इंटेलला परवडतं, त्यांच्याकडे लॅपटॉपची वेगळी, डेस्कटॉपची वेगळी, सर्व्हरच्या दोन-तीन आकारांच्या वेगळ्या. एएमडीकडे पैसेच नव्हते! म्हणून त्यांनी २०१७ ला आठ कोअरचा २१३ चौरस मिलिमीटरचा एकच तुकडा बनवला. एक लावला की डेस्कटॉपचा रायझन. चार शेजारी शेजारी बसवले की ३२ कोअरचा सर्व्हरचा एपिक. ज्या तुकड्यात दोन कोअर खराब निघाले तो सहा कोअरचा म्हणून विकला. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे ३२ कोअर एकसंध केले असते तर ७७७ चौरस मिलिमीटरची चिप झाली असती, आणि चार तुकड्यांचा खर्च त्याच्या ०.५९ पट आला. सिलिकॉन एकूण जास्त लागूनही!

फुकट नाही हं हे. एका तुकड्यातल्या कोअरला दुसऱ्या तुकड्याला जोडलेल्या मेमरीतून काही आणायचं असेल तर वेळ जास्त लागतो, काही सर्व्हर-कामांत पहिला एपिक त्यामुळे मागे पडायचा. गेममध्येही पहिला रायझन इंटेलच्या मागे होता, तिथे कारणं थोडी वेगळी. पण त्यांनी गिऱ्हाईक नीट निवडलं, ज्याला भरपूर कोअर हवेत आणि पैसे कमी द्यायचेत. १८००एक्स ४९९ डॉलरला होता, इंटेलचा आठ कोअरचा हजाराच्या वर.

चहाबिस्कीट

वेफरवाली ताई, दंडवत. पहिल्यांदा कळलं की सहा कोअरवाला म्हणजे आठवाल्याचाच तुकडा असू शकतो. आता माझ्या रायझनकडे आदराने बघतो, दोन कोअर गमावूनही पठ्ठ्या उभा आहे.

तैवानप्रेमी

सगळं श्रेय एएमडीला देताय, खरं श्रेय टीएसएमसीचं, म्हणजे इतरांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या कंपनीचं. २०१९ चा झेन २ टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर प्रोसेसवर (आकडा जितका लहान तितकी नवी पिढी) आला तेव्हा खरा फरक पडला. इंटेलचं १० नॅनोमीटर २०१६ ला यायचं होतं, बाजारात मोठ्या प्रमाणात आलं २०१९ ला, तोवर डेस्कटॉपला १४ वरच एकामागून एक पिढ्या. इंटेल स्वतःच्या फॅक्टरीत अडकून पडली, एएमडी जगातली सगळ्यात चांगली फॅक्टरी भाड्याने घेत होती. एवढीच गोष्ट आहे.

वेफरवाली

@तैवानप्रेमी एवढीच नाही. भाड्याने घ्यायला आधी स्वतःची सोडावी लागली. एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स यांचं ते गाजलेलं वाक्य होतं की खऱ्या मर्दांकडे स्वतःच्या फॅब (चिप बनवायच्या फॅक्टरी) असतात. त्याच कंपनीने २००९ ला फॅब वेगळ्या काढून अबूधाबीच्या पैशावर ग्लोबलफाउंड्रीज केली. निर्णय नाइलाजाचा होता, पैसे संपत आले होते. वर करार असा की ठरावीक वेफर त्यांच्याकडूनच घ्यायचे, नाही घेतले तर भुर्दंड.

आता झेन २ बघा. कोअरचे तुकडे टीएसएमसीकडे ७ वर, एकेक जेमतेम ७४ चौरस मिलिमीटरचा. मेमरी आणि इनपुट-आउटपुटचा मधला मोठा तुकडा ग्लोबलफाउंड्रीजच्या जुन्या प्रोसेसवर, कारण त्या सर्किटला नव्या प्रोसेसचा तितका फायदा होतच नाही. महागडी जागा फक्त कोअरला वापरली आणि जुन्या कराराचे वेफरही कामी आले. मला इंजिनियर म्हणून याचं फार कौतुक वाटतं. टीएसएमसी सगळ्यांनाच भाड्याने मिळते, हा विचार सगळ्यांना सुचला नव्हता.

लिनक्सशिकतोय

जरा वेगळा प्रश्न. लिनक्सची आयएसओ उतरवतोय, फाइलच्या नावात एएमडी६४ आहे आणि माझा लॅपटॉप इंटेलचा. चुकीची फाइल आहे का?

लॅमिंग्टनवाला

बरोबर आहे, बिनधास्त टाक. ६४-बिटची ही पद्धत एएमडीची, २००३ च्या ऑप्टेरॉनमध्ये पहिल्यांदा आली. इंटेलचा तेव्हा इटॅनियम या वेगळ्या चिपवर भर होता, म्हणजे सर्व्हरवाल्यांनी जुनं सॉफ्टवेअर नव्याने बांधून घ्यायचं. एएमडीने सांगितलं की जुनं आहे तसं पूर्ण वेगात चालेल आणि वर ६४-बिटही मिळेल. मायक्रोसॉफ्टने पाठिंबा दिला आणि २००४ मध्ये इंटेलला तीच पद्धत स्वतःच्या चिपमध्ये घ्यावी लागली. मूळ प्रश्नाशी संबंध आहेच याचा, मोठ्याने गिऱ्हाइकाला सक्तीने नवीन रस्त्यावर न्यायचं ठरवलं आणि छोट्याने आहे तोच रस्ता रुंद करून दिला.

पुणेरीसंगणक

पुण्यातलं उदाहरण देतो. सीडॅकचा परम सिद्धी-एआय, नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत ६३ वा होता. सगळे त्याला एन्व्हिडियाच्या ए१०० जीपीयूंचा (ग्राफिक्स चिप, एआयचं गणितही त्यांच्यावर होतं) महासंगणक म्हणून ओळखतात. पण त्यातल्या एन्व्हिडियाच्या प्रत्येक डीजीएक्स पेटीत आठ जीपीयूंसोबत दोन सीपीयू असतात आणि ते एएमडीचे ६४ कोअरचे एपिक आहेत. ग्राफिक्समध्ये एन्व्हिडिया आणि एएमडी समोरासमोर, तरीही एन्व्हिडियाने एपिक घेतला, कारण जीपीयूला डेटा भरवायला पीसीआय एक्सप्रेस ४ (चिपांमधला डेटाचा वेगवान रस्ता) हवं होतं आणि इंटेलच्या मुख्य सर्व्हर चिपमध्ये ते २०२१ मध्ये आलं. कामाच्या वेळी तयार असलेला माल, भोसरीकर म्हणतात तेच.

ठाण्याचीमावशी

मी लेकीसाठी लॅपटॉप बघत होते, दुकानात चांगला डिस्प्ले आणि हलकं वजन हवं म्हटलं की बहुतेक मॉडेल्स इंटेलचीच पुढे येतात. एएमडी इतकी पुढे आहे तर दुकानात दिसत का नाही?

वेफरवाली

@ठाण्याचीमावशी, कारण टीएसएमसीकडे रांग असते आणि पुढे अॅपलसारखी मोठी गिऱ्हाइकं. वेफर मोजून मिळतात आणि एकेक वेफर कुठे वापरायचा हे ठरवावं लागतं. सर्व्हरच्या एपिकवर पैसे जास्त सुटतात, त्यामुळे लॅपटॉपला पुरवठा आखडता. इंटेलकडे स्वतःच्या फॅब असल्याने ती लाखोंनी एकसारखा माल देऊ शकते, शिवाय लॅपटॉप कंपन्यांना डिझाइनमध्ये मदतीला इंजिनियर देते. हे काम वर्षानुवर्षं केलेलं आहे, एका चांगल्या चिपने ते भरून निघत नाही. तुम्ही मॉडेल बघूनच घ्या, चिपचं नाव नंतर.

सिलिकॉनभाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आता दुसरा अर्धा प्रश्न. एआयच्या जीपीयूमध्ये एन्व्हिडियाचं जे स्थान आहे त्यापुढे हीच युक्ती चालेल का?

भोसरीकर

ऑक्टोबर २०२५ मधला ओपनएआयचा करार वाचलात का? ६ गिगावॅट क्षमतेचे एएमडीचे जीपीयू घेणार आणि टप्पे गाठले तर एएमडीचे १६ कोटी शेअरपर्यंत घ्यायचा हक्क गिऱ्हाइकाला. म्हणजे गिऱ्हाईकच दुसऱ्या व्हेंडरला मोठा करायला बसलंय. एन्व्हिडिया सांगेल तो भाव द्यायचा नसेल तर दुसरा जिवंत ठेवावाच लागतो.

कुडाची_गोष्ट

मी म्युनिकमध्ये मशीन लर्निंगचं काम करतो, दोन्हीकडची कार्डं वापरली आहेत. इंटेलशी लढताना एएमडीला एक मोठी सोय होती, तेच एक्स८६, तेच विंडोज, गिऱ्हाइकाला एक ओळही बदलावी लागत नव्हती. इथे ती सोय नाही. एन्व्हिडियाने २००७ पासून कुडा (त्यांच्या जीपीयूवर प्रोग्रॅम लिहायची पद्धत) लावून धरलंय, पीएचडी करणारी पोरं त्यावरच शिकतात, जगभरातले छोटे छोटे कर्नल (जीपीयूवर चालणारे कोडचे तुकडे) त्यात लिहिलेले. हार्डवेअरमध्ये एएमडी मागे नाही. त्यांच्या एमआय३००एक्स वर १९२ जीबी मेमरी होती जेव्हा एन्व्हिडियाच्या एच१०० वर ८०, मोठं मॉडेल कमी कार्डांवर मावतं, चालवायला खर्च कमी. साधं पायटॉर्चचं (एआयची तयार लायब्ररी) काम असेल तर बऱ्याचदा तसंच चालतं. अडचण येते ती हाताने लिहिलेल्या कर्नलला. हिपमध्ये (एएमडीची कुडासारखी पद्धत) रूपांतर करणारं टूल आहे, कोड कम्पाइल होतो, पण मग वेग का कमी आला हे शोधण्यात आठवडा जातो. ओपनएआय किंवा मेटासारख्यांकडे त्यासाठी माणसं आहेत. माझ्यासारख्या पाच जणांच्या टीमकडे नाहीत.

म्हणून माझं मत असं की मोजक्या बड्या गिऱ्हाइकांकडे एएमडी नक्की चालेल. खालच्या थरात, विद्यापीठं, छोट्या कंपन्या, तिथे पाय रोवायचे तर विद्यार्थ्याच्या साध्या गेमिंग कार्डावर आरओसीएम (एएमडीचं जीपीयू सॉफ्टवेअर) पहिल्या दिवसापासून चालायला हवं. एन्व्हिडियाने नेमकं तेच केलं होतं, स्वस्तातल्या कार्डावरही कुडा.

पुणेरीसंगणक

@कुडाची_गोष्ट, एएमडीच्या रेडिऑनच्या कोणत्या कार्डांवर सध्या तुमचं काम नीट चालतंय ते वेगळ्या धाग्यात लिहाल का? कॉलेजच्या लॅबसाठी खरेदी करायची आहे आणि प्राध्यापक मंडळी विचारतायत.